बिब्याची नात

मामीचे हात आता स्वच्छ झाले आहेत. मागच्या हिवाळ्यात दिग्रसला नात्यातल्या एका लग्नात जेवताना आई सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "वहिनीचे हात पाहा बरं, किती छान निघाले." मामीने दोन्ही हात आधी पालथे, मग उताणे करून दाखवले, बांगडीवाल्यासमोर धरतात तसे, आणि हसली. बायकाही हसल्या. मी ताटातल्या मठ्ठ्याकडे पाहत राहिले. त्या हातांच्या बोटांची टोकं एके काळी काळी होती. नखांच्या कडा, अंगठ्याचा आतला भाग, तळव्यावरच्या रेषा, सगळं शाई सांडल्यासारखं. मेंदी महिन्याभरात उतरते, हा काळिमा उतरू लागेपर्यंत पुढचा हिवाळा यायचा. ते हात स्वच्छ झाले त्याला मी कारण आहे. त्या पंगतीत हे आणखी कुणाच्या ध्यानात होतं की नाही, मला माहीत नाही.

मी आठवीत होते आणि आई गरोदर होती. एवढ्या वर्षांनी, मी उंचीने तिच्याएवढी झाल्यावर. बाबा यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या कारखान्यात पाळीवर जायचे, त्यामुळे शाळेची बस आली की आईच मला फाटकापर्यंत सोडायला यायची, आणि बसमधल्या मुली खिडकीतून तिच्या पोटाकडे पाहायच्या. मी आईला म्हणाले, तू येत जाऊ नकोस, तुला थंडी लागेल. तिने ते खरं मानलं. म्हणून बाळंतपणासाठी तिला माहेरी न्यायचं ठरलं आणि मला घरी एकटी ठेवायला नको म्हणून नाताळच्या सुट्टीला जोडून माझंही सामान भरलं गेलं, तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं आणि दिग्रसच्या पुढे एसटीत आईला उलट्या होऊ लागल्यावर त्या सुटल्यासारखं वाटण्याची लाज वाटली. माझं तेव्हा असंच चालायचं. एक वाटायचं, आणि मागोमाग त्याचा जाब द्यायचा.

मामाचं घर गावाच्या टोकाला होतं. पुढच्या खोलीत वेचून आणलेला कापूस छपरापर्यंत रचलेला असायचा आणि आमच्या जायच्या-यायच्या वाटेवर त्याचे पुंजके पायाला चिकटून मागच्या खोलीपर्यंत यायचे. कापसाच्या ढिगावर झोपायला मऊ लागायचं, पण उठल्यावर अंगाला खाज सुटायची. सकाळी विहाराच्या भोंग्यावर वंदना लागायची तीच आमची उठायची वेळ. मामाच भोंगा लावायला जायचा. गौतममामा विहाराची किल्ली सांभाळायचा, कुठे कुणी अंगात आणलं, कुणी लिंबूमिरची बांधली की जाऊन वाद घालायचा, आणि परत आला की अंगणातूनच ओरडायचा, "चहा ठेवा वं, आज एकाची बुवाबाजी मोडून आलो." जेवणात त्या दिवसांत ताज्या तुरीचे दाणे असायचे, सोले. सोल्यांची आमटी, सोले घालून वांगी, उकडलेल्या शेंगा टोपलीभर समोर ठेवलेल्या. ज्वारीची भाकरी मामी हातावर थापायची आणि तव्यावर टाकताना तिची काळी बोटं पांढऱ्या पिठातून वर यायची. पहिल्या दिवशी मी ती भाकरी खाल्ली नाही. पोट दुखतं म्हणाले. मामीने माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे, आणि माझ्यासाठी उकडलेल्या शेंगा सोलून ठेवल्या, चमच्याने वाटीत घालून.

मी कुणाशी बोलत नसे. माझ्या इंग्रजी शाळेत मराठीत बोललं की बाई रागवायच्या, आणि गावात मी मराठीत बोलले की पोरी हसायच्या. "मला म्हणते वं ते, मला!" तिकडे सगळे 'मले' म्हणतात; मी 'मला' म्हटलं की अंगणात जमलेल्या दोन-तीन जणी एकमेकींना कोपराने ढोसायच्या. माझं नाव श्रुती. मामीला ते जमायचं नाही, ती 'सुरती' म्हणायची.

"सुरती नाही मामी, श्रु-ती."

"तेच तं म्हनून राह्यली मी. सुरती."

"श्रु."

"अवं, एवढं तोंड वाकडं करून नाव घ्याचं असन तं तुह्या मायनं नाव कायले ठेवलं? विजाबाई, हे नाव तुमी ठेवलं का तिच्या बापानं?"

आतून आई हसली. बऱ्याच दिवसांनी मी तिला हसताना ऐकलं. त्या दिवसापासून मी मामीच्या मागे मागे राहू लागले. ती बोलत राहायची आणि मला बोलावं लागत नसे, माझ्यासारखीला याहून चांगली सोबत नसते.

शेतातल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बिब्याचं झाड होतं. वणीकडच्या जंगलात बिबे पुष्कळ असतात, मामीचं माहेर तिकडचं. पण या शिवारात तेवढं एकच उरलेलं. करड्या सालीचं, सागासारख्या मोठ्या पानांचं, लांबून पाहिलं तर काही विशेष वाटू नये असं. हिवाळ्यात त्याला फळं यायची. वर नारिंगी, गुबगुबीत गर आणि त्याच्या खाली टांगल्यासारखं काळं, चकचकीत बी. त्या बीच्या सालीतलं तेल अंगाला लागलं की फोड येतात, आणि काहींना नुसतं झाडाखालून गेलं तरी चेहरा सुजतो. आमच्याकडे त्याला बिबा उतणं म्हणतात. पण तेच बी वाळवून फोडलं की आतून गोडंबी निघते, चारोळीहून मोठी, बदामाहून मऊ. बाळंतिणीच्या लाडवांत ती लागतेच. गावात कुणीही बाळंत व्हायच्या बेतात असली की त्या घरची बाई मामीकडे यायची आणि दारातूनच म्हणायची, "वच्छला, आमच्या पोरीपुरती ठेव बरं." मामी म्हणायची, "ठेवते, पन कोनता महिना ते सांगा, उगाच सासू-सुना गिळून टाकता." एरवी चार बायकांत मागे बसणारी, लग्नात हात पदराखाली लपवणारी मामी हे बोलताना कमरेवर हात ठेवून उभी असायची.

फोडायचं काम ती परसात करायची. हातांना जवसाचं तेल चोपडायचं, वर चुलीतली राख, मग दगडावर बी उभं धरून लोखंडी मुसळीने टक्. एकच टोला, जरा वाकडा. जोरात बसला तर आतली गोडंबी चिरडते, हळू बसला तर तेल उडतं. दुपारभर ते टक् टक् चालायचं. मला तिने आखून दिलेल्या रेघेच्या अलीकडे बसायला सांगितलं होतं. आणि एक नियम होता. काम चालू असताना बिब्याचं नाव घ्यायचं नाही. मामाजी म्हणायचं. आमच्याकडे सून सासऱ्याला मामाजी म्हणते.

"काहून?" मी विचारलं. तिच्यासोबत राहून माझ्या तोंडात हा शब्द आला होता.

"सासरा सुनेले हात लावते काय?"

"नाही."

"मंग! मामाजी म्हटलं का तो बिचारा लाजून दूर राह्यते. माह्या मायनं मले हेच शिकोलं, तिच्या मायनं तिले. डोक्यावर पदर घ्या, मामाजी म्हना, अन् कामाले लागा."

मामा विहारातून परत येत होता. "ऐकलं काय विजे?" तो खोलीकडे तोंड करून ओरडला. "सकाळी विहारात बावीस प्रतिज्ञा म्हनते अन् घरी येऊन बिब्याले सासरा मानते!"

"देव कुठं मानतो आमी?" मामी मान वर न करता म्हणाली. "सासराच मानतो नं. सासऱ्याले मानाले मनाई हाये काय तुमच्या विहारात?"

मामा चपला काढत बराच वेळ हसत राहिला.

बिब्याचा तो नारिंगी गर खातात. कच्चा खाल्ला तर जीभ जाड होते, पण उन्हात सुकवून चुलीच्या राखेत भाजला की त्याला खजुराचा आणि जळक्या गुळाचा मधला काहीतरी वास येतो. गावात त्याला बिब्याची फुलं म्हणतात. मामीने पहिल्यांदा एक फूल राखेतून काढून, फुंकून, पुसून, करडईच्या पानावर ठेवून मला दिलं. मी ते खाल्लं आणि दुसरं मागितलं. मी माझ्या तोंडाने कुणाकडे काही मागितलं याचंच आईला नवल वाटलं. मामी त्या दिवशी फार खुशीत होती. मग मी विचारलं, तू मामाजी म्हणतेस, मी काय म्हणू? मामीने मुसळी बाजूला ठेवली. तिने खरोखर विचार केला. "माहा सासरा म्हंजे तुह्या मायचा बाप. तुले तं आबाजी लागते तो."

माझे दोन्ही आजोबा मी जन्मायच्या आधी गेले होते. मी झाडाकडे जाताना येताना मनातल्या मनात, आणि कुणी नसलं की तोंडाने, आबाजी म्हणू लागले. झाडाच्या बुंध्याला हात लावायची मला परवानगी नव्हती, तो मी कधी लावलाही नाही. लांबूनच म्हणायचे. इतर कुणाशीही मी त्या वयात इतकी मोकळी बोललेली मला आठवत नाही.

त्या सकाळी फार थंडी होती. मी दारात उभी राहून कुडकुडत होते. मामी पाण्याला गेली होती. मामा विहारातून आला, मला पाहिलं आणि म्हणाला, "शहरातलं लेकरू गारठून राह्यलं की इथं! थांब, तुह्यासाठी असा जाय करतो का यवतमाळले दिसन." त्याने अंगणात तुराट्यांची शेकोटी पेटवली. तुराट्या दवाने ओल्या होत्या, जाळ धरत नव्हता. मामा इकडे तिकडे पाहत परसात गेला आणि भिंतीकडेचं टोपलं उचलून आणून शेकोटीत रिकामं केलं. वाळलेली काळी टरफलं होती. क्षणभर काही झालं नाही, मग ती तडतडली, आणि एकदम पिवळा, उंच, चरबी टाकल्यासारखा जाळ उठला. मामा लहान मुलासारखा खूश झाला. "पाय! कसा फरफर पेटला!" तो जाळाकडे बोट दाखवत म्हणाला. काळा धूर आधी सरळ वर गेला, मग वारा फिरला आणि तो माझ्या तोंडावर आला. मी डोळे मिटले. बाजूला सरकले तर तो तिकडे आला. "धूर देखण्या पोरीच्याच मांगं लागते," मामा म्हणाला. मी हसले. त्याने माझ्यासाठी जाळ केला होता, उठून जाणं बरं दिसलं नसतं. हात शेकत मी बसून राहिले.

दुपारी गालांना खाज सुटली. आई म्हणाली, कापसावर लोळली असशील. संध्याकाळी डोळ्यांच्या पापण्या जड झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी भोंगा लागला तेव्हा मला डोळे उघडता आले नाहीत. ओठ माझे वाटत नव्हते. गळ्यावर, कानामागे, मनगटांवर पाण्याने भरलेले फोड. आईची किंकाळी मी ऐकली आणि मग ती धडपडत उठताना खाटेची कुरकुर, आणि मामीचा आवाज, "विजाबाई, तुमी उठू नोका, तुमी उठू नोका." मामाने मला चादरीत गुंडाळून मोटरसायकलवर मध्ये बसवलं, मागून मामीने धरलं, आणि दिग्रसला नेलं. डॉक्टरांनी सुई दिली. "बिबा उतला," ते म्हणाले. "बिब्याशी खेळली का?" मी मान हलवली. नाही. मामाने विचारलं, "मंग कसा काय?" डॉक्टर म्हणाले, "झाडाखालून गेली तरी होते काही जणांना." तेवढं त्याला पुरलं.

पुढचे दिवस मला फक्त आवाजांतून आठवतात, कारण डोळे मिटलेलेच होते. पाट्यावर तीळ आणि खोबरं वाटल्याचा आवाज, मग तो गार लेप चेहऱ्यावर. लेप आईच्या हाताने. मामी वाटून द्यायची आणि वाटी जमिनीवर ठेवून दोन पावलं मागे जायची, हे मला तिच्या बांगड्यांवरून कळायचं. बाबांचा फोन आला तेव्हा मामाने तो कानापासून लांब धरला असावा, कारण मला खाटेवरून ऐकू आलं. "पोरीला शिकायला घातलं मी, जंगलात फेकायला नाही. रविवारी येतो. तोंड पाहतो तिचं, मग बोलू." मामा "हो भाऊजी, हो भाऊजी" एवढंच म्हणत होता.

त्या संध्याकाळी मामा चुलीपाशी बसून म्हणाला, "उद्या ते झाड पाडतो मी."

टक् टक् तर आधीच बंद होतं, पण ते बंद असल्याचं मला त्या क्षणी जाणवलं. भाकरी थापायचा आवाजही थांबला.

"दादा, झाडाचा काय दोष?" आई म्हणाली. "मीच तिला इथं आणली. मला घरीच राहता आलं असतं."

"तुह्या माहेरी तुही पोरगी आंधळी होता होता वाचली, अन् दोष कोणाचा नाही म्हनतं?" मामाचा आवाज चिरकला. "सांग मंग, कोणाचा? ते झाड माह्या धुऱ्यावर हाये. माह्या!"

चुलीत काहीतरी फुटलं. मग मामी म्हणाली, अगदी सावकाश, भाव सांगावा तशी:

"दोष माहा हाये. मीनं तिले आबाजी म्हनाले लावलं. दुसरं काही म्हनाले सांगतलं असतं तं दूर राह्यला असता. आबाजी म्हटल्यावर नातीले कोन जवळ घेत नाही? माह्या तोंडून नातं चुकलं."

एरवी मामा यावर हसला असता, तिला विहाराची आठवण करून दिली असती, सगळ्या गावाला सांगत फिरला असता. मी सुजलेल्या डोळ्यांनी त्याच्या हसण्याची वाट पाहत होते. तो हसला नाही. "मंग पाडतोच उद्या," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात, मला तेव्हा कळलं नाही पण आठवतं, काहीतरी सैल झालं होतं.

मला कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते, याची मी पुष्कळदा उजळणी केली आहे. ओठ सुजलेले होते, आणि ओठ सुजलेले नसतानाही मी मोठ्यांच्या बोलण्यात बोलणारी नव्हते. पण ते सगळं माझ्यासाठी चाललं होतं. प्रत्येक जण आपापला अपराध पुढे करत होता आणि मध्ये खाटेवर मी होते, लेप लावलेली, जिचं काहीच चुकलं नव्हतं. आपलं काही चुकलं नसेल तर माफी कुणाची मागायची, हे मला अजून कुणी शिकवलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मला एका डोळ्याने दिसू लागलं होतं. मामी कापूस वेचायला निघाली तेव्हा मी तिच्या मागे गेले. तिने नको म्हटलं नाही, पण नेहमीसारखा हातही धरला नाही. आम्ही पऱ्हाटीच्या तासात, कपाशीच्या दोन ओळींमध्ये, होतो तिथून धुरा दिसत होता. मामाने हातांना पोती गुंडाळली होती, तोंडाला उपरणं. पहिला घाव पडला तशी मामीने डोक्यावर पदर ओढला, झाडाकडे पाठ केली आणि तासात खाली बसली. गावात मयत उचलली की घरच्या बायका अंगणात अशाच बसतात. तिने रडणं काढलं नाही. मांडीवर हात ठेवून, मान खाली घालून ती बसली होती आणि घावागणिक तिचा पदर थोडा हलायचा. झाड पडल्याचा आवाज मी समजले होते त्याहून फार लहान आला. मग ती उठली, ओटीत कापूस वेचू लागली. "सुरती, उन्हात उभी राहू नोको," ती म्हणाली.

बिब्याच्या चिकाने मामाचे हात कोपरापर्यंत सुजले. पोती असूनही. रविवारी बाबा आले तेव्हा माझ्या चेहऱ्याची सूज उतरली होती आणि मामा सुजलेल्या हातांनी त्यांच्यापुढे चहा धरत होता, त्यामुळे त्यांना जे बोलायचं होतं ते बोलता आलं नाही. मामाने त्यांना धुऱ्यावर नेऊन ताजं खोड दाखवलं. बाबा म्हणाले, "अहो, झाड कशाला पाडलं?" म्हणजे तेही नको होतं. मामी रात्रंदिवस मामाच्या हातांना तीळ-खोबऱ्याचा लेप लावत होती. त्याला ती हात लावायची, त्याचे हात तर बिब्याने भरलेलेच होते. मला मात्र तिने त्यानंतर हात लावला नाही. वेणी घालायची वेळ आली की म्हणायची, मायकून घालून घे. उरलेले बिबे तिने शेताच्या पार पलीकडच्या टोकाला नेऊन फोडले. वारा इकडचा असला की ते टक् टक् ऐकू यायचं. परतल्यावर विहिरीवर आंघोळ करूनच ती घरात यायची.

भाऊ झाला तेव्हा त्या गोडंबीचे लाडू आईला दिले. शेजारच्या लीलाबाई बाळ पाहायला आल्या आणि भिंतीपलीकडे जाताच दुसऱ्या बाईला म्हणाल्या, "ननद आली माहेरी अन् भावजयीच्या कामात बिबा घालून गेली." आपल्याच विनोदावर त्या मोठ्याने हसल्या. आई तेव्हा लाडू खात होती. तिने भिंतीकडे तोंड केलं आणि घास चावत राहिली. बाळंतिणीने रडू नये म्हणतात, दूध आटतं.

त्यानंतर गावातल्या बाया गोडंबी दिग्रसच्या दुकानातून आणू लागल्या. मामीला कुणीतरी वणीकडून बिबे आणून द्यायला तयार होतं, तिने नको म्हटलं. दारात उभं राहून "आमच्या पोरीपुरती ठेव" म्हणणारं कुणी उरलं नाही, आणि कमरेवर हात ठेवून बोलताना मी मामीला पुन्हा पाहिलं नाही.

धुराचं मला फार उशिरा कळलं. नागपुरात नोकरीला लागल्यावर एकदा ओले काजू हाताळून माझे हात सुजले. त्वचेच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, लहानपणी बिबा उतला होता का, काजू त्याच घरातला. मी हो म्हणाले, पण मी हात लावला नव्हता. त्या लिहिता लिहिता म्हणाल्या, "हात कशाला लावायला पाहिजे? टरफलं जाळली, धूर लागला तरी होतं. तोच जास्त वाईट." मी औषध न घेताच खाली आले आणि रस्त्यावर उभी राहिले. जाळ कसा फरफर पेटला, पाय. मला सगळं दिसलं, टोपलंसुद्धा. आणि लगेच दुसरं काही सुचलं. मला डॉक्टरबाईंनी सांगेपर्यंत कळलं नव्हतं. मामाला कदाचित अजूनही माहीत नसेल. पण मामी जन्मभर बिबे फोडत आली होती.

दिग्रसच्या त्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी मामीसोबत गावी गेले. मामा आता थकला आहे, पण भोंगा तोच लावतो. माझा भाऊ आठवीत आहे, तो मामाबरोबर विहारात गेला. आम्ही दोघी फाट्याकडे निघालो, मला परतीची एसटी होती. रस्त्याने मी विचारलं.

"मामी, ते धुरानं झालं होतं नं?"

तिने कोणत्या धुराने असं विचारलं नाही. थोडं चालल्यावर म्हणाली, "राखेत टरफलं दिसले मले. त्याच दिवशी. मीनं सावडून फेकले."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कोणाले सांगू? त्यायनं तं तुले थंडी वाजते म्हनून जाय केलता." तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तुह्या मायसमोर त्यायले म्हटलं असतं, तुमच्या हातानं झालं, तं तो मानूस पुन्हा बहिनीपुढं उभा राह्यला नसता. वरून तुहा बाप येनार. झाडाचं काय, झाड काही बोलत नाही."

"पण झाड तुझं होतं."

"हाव," ती म्हणाली. "माहं होतं."

मला म्हणायचं होतं की तो जाळ माझ्यासाठी होता, की मी उठून गेले असते तर चाललं असतं, की त्या पहिल्या दिवशी माझं पोट दुखत नव्हतं. माझ्या तोंडात मराठी होती, इंग्रजी होती, काहीच बाहेर आलं नाही. फाट्याजवळ वन खात्याच्या तारेपलीकडे त्यांनी लावलेलं बिब्याचं एक तरणं झाड होतं. मी ओळखलं नसतं, पण मामीचा हात आपोआप डोक्याकडे गेला आणि तिने पदर पुढे ओढला. तिच्याकडे पाहून मीही ओढणी डोक्यावर घेतली. मला वाटलं, एवढं तरी करावं.

मामी थांबली. "तू कायले घेतं वं?"

"तू घेतलास म्हणून."

"मी सून हावो त्याची. तू नात हायेस." तिने हात पुढे केला आणि माझ्या डोक्यावरची ओढणी मागे सारली, मग विसकटलेले केस कानामागे घातले, आणि तिचा तळवा तसाच माझ्या गालावर राहिला. मोटरसायकलवर धरलं होतं त्या सकाळनंतर पहिल्यांदा. "नातं तं खरंच सांगतलं होतं मीनं," ती म्हणाली. "चुकलं नव्हतं ते."

एसटी येताना दिसत होती. मी हलले नाही. तिच्या हाताला साबणाचा वास येत होता. पूर्वी जवसाचा यायचा.